नेतृत्वाला गुण किती?

उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याला दुसऱ्यांच्या परीक्षांविषयी एक चोरटे कुतूहल असते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे नाव निघाले, की माझ्या मनात हटकून एक प्रश्न येतो. व्याकरणाला गुण देता येतात, धावण्यालाही देता येतात; पण दहा माणसांना आपल्यामागून मरणाच्या तोंडी नेण्याची जी विद्या, तिला गुण द्यायचे कसे? आणि कोणी?

निवडीपुरती एक नामी युक्ती इंग्रजांनी १९४२ च्या सुमारास काढली. महायुद्धात अधिकारी कमी पडू लागले आणि घराणे व शाळा पाहून माणूस निवडण्याची जुनी रीत लंगडी ठरली. तेव्हा उमेदवारांना मैदानावर नेऊन काम नेमून दिले, पण पुढारी मात्र कोणालाच नेमले नाही! मग पुढारी आपोआप कसा निघतो, ते परीक्षक मुकाट्याने पाहत राहिले. आपल्या सैन्यदलांच्या निवड मंडळांत दोर, फळ्या आणि पिंपे यांचा हा खेळ आजही चालतो. मानसशास्त्रज्ञ, गटाची परीक्षा घेणारा अधिकारी आणि मुलाखतकार असे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटी एकत्र बसतात.

पुढे तीन वर्षे खडकवासला आणि भूसेनेत जाणाऱ्याला आणखी एक वर्ष डेहराडून. पण हा पोरगा उत्तम अधिकारी निघाला, तर श्रेय शिक्षणाचे की मुळातल्या पोराचे? आणि निवडीतच ज्याला घरी धाडले, तो कसा निघाला असता, हे तर कोणालाच कधी कळायचे नाही. आम्हा मास्तरांचाही पेच हाच. फरक इतकाच, की आमच्या चुकीने कोणाचा जीव जात नाही.

नोकरीत शिरल्यावर गुण देतो तो वरिष्ठ. त्याला दिसतो हाताखालच्याचा वर वळलेला, हसतमुख चेहरा! अमेरिकी भूसेनेने २०२० साली बटालियनच्या प्रमुखांची निवड करताना केवळ कागदांवर विसंबणे सोडले. लेखन, शारीरिक क्षमता, मानसशास्त्रीय चाचण्या आणि पडद्याआडची मुलाखत यांच्या जोडीला बरोबरीच्यांचे आणि हाताखालच्यांचे मतही घेतले.

‘मग काय, लाडक्याचीच निवड होणार!’ असे कोणी म्हणेल. भीती खोटी नाही. पण शिपाई इतका भोळा नसतो. कडक अधिकारी आणि आपमतलबी अधिकारी यांतला फरक त्याला पहिल्या चढणीवरच कळतो. डेहराडूनच्या अकादमीच्या १९३२ मधील उद्घाटनाच्या वेळी चेटवूड यांनी जो क्रम सांगितला, तो आजही तिथे शिकवतात : आधी देश, मग हाताखालची माणसे, सर्वांत शेवटी आपण. यांतल्या दुसऱ्या कलमाचे गुण वरून कसे देता येतील?

म्हणून वाटते, की प्रश्नपत्रिका कितीही शास्त्रशुद्ध काढा, एक प्रश्न हाताखालच्या जवानाकरिता राखून ठेवा. ‘साहेब आवडतात का?’ हा नव्हे. ‘पुन्हा अशी वेळ आली, तर त्यांच्याच मागून जाल का?’ हा. त्याचे उत्तर एका शब्दात येते, आणि त्याची फेरतपासणी करावी लागत नाही.