अंगणातली हिरवळ



माझी पुतणी अकलूजला घर बांधते आहे. परवा तिनं फोनवर सात-आठ चित्रं पाठवली. पुढे गालिच्यासारखं लॉन, त्यात गोल फरशांची पायवाट, मागे भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक आणि कोपऱ्यात छोटं कारंजं. खाली लिहिलं होतं, "काकू, तुमच्याकडे मोडनिंबला लॉन होतं ना? का काढलंत?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

आमचं घर जुनं. पुढे वीस फूट बाय पंचवीस फूट अंगण, मागे परसात आड, एक कडुलिंब (गावाच्या नावातच निंब आहे, तेव्हा तो हवाच), एक बोरीचं झाड आणि धुणं धुवायचा दगड. सासूबाई होत्या तोवर पुढे मुरूम पसरलेला असायचा आणि पहाटे त्यावर सडा. २०१६ साली घराची दुरुस्ती काढली तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आई, एवढा खर्च करतोय तर पुढचंही नीट करू." मी नको म्हटलं असतं तर थांबलं असतं. पण मलाही हवं होतं. आयुष्यभर मुरुमाची लाल धूळ पुसलेली बाई मी, हिरवंगार अंगण कोणाला आवडणार नाही?

त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली होती. पंढरपूर, कुर्डुवाडी करत ती जायची, म्हणजे आमच्या मोडनिंब स्टेशनवरूनच. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी झाली. आम्ही हळहळलो, देरासरात त्यावर बोललो, आणि दोन महिन्यांनी, पहिला पाऊस पडल्यावर, अंगणात लॉनच्या लाद्या अंथरून घेतल्या. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मनातही आलं नाही.

हिशोब पुढच्या उन्हाळ्यात लागला. पाचशे चौरस फूट म्हणजे साधारण साडेशेचाळीस चौरस मीटर. आमच्या उन्हात हिरवळ हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला रोज पाच-साडेपाच लिटर पाणी लागतं. म्हणजे दिवसाला अडीचशे लिटर, शंभर दिवसांचे पंचवीस हजार. पाच हजार लिटरचे पाच टँकर! लातूरला गेलेली अर्धी वाघीण मी एकटीनं अंगणात ओतली. बी.कॉम. होऊन वही घरखर्चाचीच लिहिली, पण त्या दिवशी ती आकडेमोड करून मी वही मिटवून ठेवली, ह्यांना दाखवली नाही.

मी बहात्तरच्या दुष्काळात बारा वर्षांची होते. सुकडी खाल्लेली आहे. ज्याला आठवत नाही त्याची गोष्ट वेगळी.

तरी पाण्याचं पाप मी सोसलं असतं, असं आता प्रामाणिकपणे लिहिते. खरं घडलं ते श्रावणात. लॉनवर पिवळे डाग पडायला लागले. गवत हातानं उचललं की मुळांसकट वर यायचं, सतरंजीसारखं. माळी म्हणाला, "हुमणी लागलीय, बाई. शेणखतातून आली असंल. औषध टाकावं लागतंय." मी विचारलं, "औषध म्हणजे?" तो म्हणाला, "मारायचं." त्यानं शब्द फिरवला नाही, आणि मीही समजले नाही असं म्हणू शकत नाही. मी पैसे दिले. संध्याकाळी त्यानं पाण्यात कालवून ओतलं.

सकाळी दार उघडलं तर गवतावर पांढऱ्या अळ्या वर येऊन पडलेल्या, आणि त्यांच्यात गांडुळं. गांडुळांनी काय केलं होतं? साळुंक्या उतरल्या आणि टिपायला लागल्या, तेव्हा आपण त्यांनाही विष घालतोय हे ध्यानात येऊन मी पदर हलवत अंगणभर पळाले. सूनबाई खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, आईंना काय झालं.

गृहस्थाला हिंसा पूर्ण टळत नाही, हे आपल्या शास्त्रानं मान्य केलेलं आहे. चूल पेटवली, केर काढला, घर बांधलं की आरंभी हिंसा होते. शेती-व्यापारात उद्योगी, रक्षणासाठी विरोधी. पण ठरवून, जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं सोडायची असते. माझा तो नेम होता, आणि तो मी हिरव्या रंगासाठी मोडला. दशलक्षण पर्वात स्वाध्यायाला समंतभद्रांचं रत्नकरंड श्रावकाचार लावलं होतं. त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार आले. पाचवा प्रमादचर्या: काही कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं. दरवर्षी ऐकलेलं हे. त्या वर्षी मान वर करून ऐकवेना. पुढे एका आर्यिका माताजींसमोर सगळं सांगितलं आणि त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त केलं. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

एवढं होऊनही लॉन तसंच होतं. पैसे घातलेले होते ना! ते काढायचं ठरलं ते पौषात.

चातुर्मास संपल्यावर एक संघ कुंथलगिरीकडे विहार करत होता, आमच्या गावात मुक्कामाला थांबला. आम्ही चौका लावला. आडाचं पाणी गाळून घेतलं, जीवाणी परत आडात सोडली. हा आडही दुरुस्तीच्या वेळी बुजवायचा घाट होता, कारण ठेकेदाराला मागे सरळ पेव्हर टाकायचे होते. ह्यांनी ऐकलं नाही. बोअरच्या पाण्याची जीवाणी सोडायची कुठे? ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात परत जायला हवेत, आणि तेही उंचावरून न आपटता, तळाला कडी असलेल्या बादलीनं हळू उतरवून. आड आहे म्हणून आमच्याकडे चौका लागू शकतो.

तर आम्ही सगळे सोवळ्यात, हातात कलश-श्रीफळ घेऊन पडगाहनाला दारात उभे. महाराज आले. उजव्या हाताची बोटं खांद्यावर, डाव्या हातात पिच्छी-कमंडलू, नजर पुढच्या चार हात जमिनीवर. आम्ही नमोस्तु म्हणत होतो. फाटकाशी ते थांबले. फाटकापासून पायरीपर्यंत सगळी हिरवळच होती. पायवाट केली होती, पण वीतभर रुंदीच्या गोल फरशा, आणि मधून गवत फरशीवर आलेलं. थंडीचे दिवस, त्यावर दव. मुनी हिरव्या गवतावर पाय ठेवत नाहीत, हे लहान मूलही जाणतं. आणि आम्ही स्वतः त्याच गवतावर उभे राहून त्यांना आत बोलावत होतो. ते क्षणभर थांबले आणि पुढे गेले. आहार पलीकडच्या आळीत झाला.

"विधी मिळाला नाही," सगळे म्हणाले. असेलही. महाराज मनात काय नियम घेऊन निघतात ते कोणाला कळत नाही, आणि कोणी विचारायचंही नसतं. पण ते जिथं बघत होते तिथंच मी बघत होते.

काढायचं म्हटलं तरी सोपं नव्हतं. खणून काढावं तर खालचे जीव जातात, आणि ठेवावं तर रोज कापणं आणि पाणी. बसवताना हिंसा, काढतानाही हिंसा. शेवटी चैत्रात पाणी बंद केलं. दीड महिन्यात गवत वाळलं. रोज सकाळी त्याच्याकडे न बघता देरासरात जायची मी. तहानेनं मारलं, दुसरा शब्द नाही.

आता तुला, आणि अंगण करू पाहणाऱ्या सगळ्यांनाच, माझ्या अनुभवातलं सांगते. फाटकापासून दारापर्यंत चार फूट रुंद कोरडी वाट सोड. आमच्या भागातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर थेट ब्लॉक टाकले की दोन वर्षांत वरखाली होतात. आधी मुरूम दाबून घे, मग खरबरीत शहाबादी. गुळगुळीत नको. फरशीला बाहेरच्या बाजूला उतार दे, दर आठ-दहा फुटांना इंचभर तरी, म्हणजे पाणी साचणार नाही आणि शेवाळ धरणार नाही. शेवाळावर म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो हे एक, आणि शेवाळ अनंतकाय, त्यावर पाय द्यावा लागतो हे दुसरं. कारंजं नको. साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि मग परत तोच औषधाचा प्रश्न.

वाटेच्या दोन्ही बाजूंना मोगरा, जास्वंद, पारिजातक लाव. आमच्याकडे पूजेला फुलं चालतात, माझ्या माहेरी चालत नव्हती. तुझ्या सासरी काय आहे ते विचारून घे. मी पारिजातकाची पडलेलीच वेचते. मागे कढीपत्ता, लिंबू, शेवगा. एकदा मुळं धरली की यांना फार पाणी लागत नाही, आणि स्वयंपाकघरातलं भाजी धुतलेलं पाणी त्यांना पुरतं. कांदा-बटाटा आपल्याला लावायचाच नाही, त्यामुळे वाफे खणणं तसंही कमी. उंबर आपोआप उगवला तर लहानपणीच दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. पंच उदुंबरातला म्हणून आपण फळ खात नाही. त्याच्या फळात बारीक चिलटांसारखे कीटक असतात हे फोडून बघितलं की दिसतंच, आता शाळेच्या पुस्तकातही शिकवतात. शिवाय त्याची मुळं आडाची भिंत फोडतात. आमच्या आडाला एक भेग त्याचीच आहे.

बोरीचं मात्र मी ठेवलं. मोडनिंबची बोरं प्रसिद्ध, आणि आम्ही मोडनिंबकर ती खात नाही! तुच्छफळ, खायचं थोडं आणि टाकायचं फार, वर आत अळी. ठेकेदार म्हणाला होता, खात नाही तर तोडू की. पण आळीतली पोरं खातात, पोपट खातात. संक्रांतीच्या सुमारास परसात इतका कलकलाट असतो की दुपारची झोप होत नाही.

छतावरचं पाणी आडात सोडायचं ते सगळ्यात आधी कर, झाडं नंतर. हजार चौरस फूट छत आणि वर्षाचा पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर शेचाळीस हजार लिटर पडतं. वाया जाणारं वजा करून पस्तीस हजार तरी धर. पहिल्या दोन पावसांचं बाहेर जाऊ दे. पाइपाच्या तोंडाला जाळी आणि गाळणीचा खड्डा कर.

हे सगळं मी तिला काल वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काकू, सगळं करते, पण बाळाला रांगायला एका कोपऱ्यात थोडंसं तरी लॉन ठेवू का? वाटेपासून लांब?" मी म्हटलं, ठेव. फक्त त्यावर पिवळे डाग दिसले, तर माळ्याच्या आधी मला फोन कर.