मावशी, तुझ्या ‘का’चं उत्तर

प्रिय मावशी,

परवा फोनवर डोळ्याचं विचारलं, तर तू लगेच पावसावर घसरलीस. मग दादाकडून कळलं की तू इंजेक्शनची तारीख चुकवलीस. म्हणे, “पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, म्हणजे लागूच पडत नाही.” हे तू म्हणावंस? ‘का’ विचारल्याशिवाय आम्हाला पुढचं पान उलटू न देणारी तू?

साखरेनं इतक्या वर्षांत तुझ्या डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब केल्या. काही जागी रक्त पोचेना. प्राणवायू कमी पडला की तिथल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींवर त्याचे रिसेप्टर असतात. व्हीईजीएफ येऊन चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीनं जवळ येतात, त्यांची आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि पेशी वाढू लागते, सरकू लागते.

सगळ्याच पेशी एकदम धावत नाहीत, हे मला फार सुंदर वाटतं. तुझ्या शाळेच्या प्रभातफेरीत झेंडा एकाच मुलाच्या हाती असायचा ना, तसंच. पुढे निघालेली पेशी शेजारणींच्या नॉच नावाच्या रिसेप्टरला खूण करते. मग शेजारणी आपले व्हीईजीएफचे रिसेप्टर कमी करतात आणि मागे राहून नव्या रक्तवाहिनीची नळी घडवतात.

माझा गुडघा फुटला की तू हळद दाबून धरायचीस, आठवतं? त्या जखमेत हेच चाललेलं असायचं. तेव्हा डोळ्यावर रागावू नकोस गं. त्याच्या पेशी शिकल्या तेच करताहेत. फक्त पडद्यात मागणी थांबत नाही. जुन्या वाहिन्या पाझरू लागतात, नव्या उगवल्या तर कच्च्या निघतात. तुला पेपरातल्या ओळी वाकड्या दिसतात त्या या पाझरामुळे.

उपाशी पडदाच काहीतरी सोडत असणार, असा अंदाज मायकेलसन या नेत्रतज्ज्ञानं 1948 मध्येच बांधला होता. नेपोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ वेगळं काढलं ते 1989 मध्ये. मधली चाळीस वर्षं लोक शोधत राहिले, आणि तू एका तारखेला कंटाळलीस!

तुझं औषध, अफ्लिबरसेप्ट, कशाचं बनलंय माहितेय? माणसाच्याच दोन व्हीईजीएफ रिसेप्टरांचे तुकडे अँटिबॉडीच्या एका भागाला जोडलेत. ते पेशीवर बसलेले नसतात. डोळ्यात मोकळे फिरतात आणि व्हीईजीएफ खऱ्या रिसेप्टरपर्यंत जाण्याआधीच धरून ठेवतात. निसर्गाकडे ही युक्ती आधीपासून आहे. आपल्या कॉर्नियात असाच एक सुटा रिसेप्टर असतो, म्हणून तिथे रक्तवाहिन्या शिरत नाहीत आणि कॉर्निया पारदर्शक राहतो. मॅनेटी या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या कॉर्नियात मात्र रक्तवाहिन्या असतात. 2006 मध्ये संशोधकांनी तपासलं, तर तिथे हा सुटा रिसेप्टर नव्हताच. वाचलं तेव्हा पहिली तुझीच आठवण झाली. वर्गात सांगताना तू किती रंगली असतीस!

आता तुझं ‘का’. औषध व्हीईजीएफ धरतं, पण पडद्याची उपासमार मिटवत नाही. काही आठवड्यांत ते ओसरतं, पडदा पुन्हा व्हीईजीएफ सोडतो. म्हणून पुन्हा सुई. लागू पडत नाही म्हणून नव्हे.

आणि सुईची भीती वाटत असेल तर तसं सांग ना. आमच्या प्रत्येक तापात रात्रभर उशाशी बसलीस, आता तुझ्यासोबत कुणी यायला नको का? नवी तारीख मी घेतली आहे, आदल्या दिवशी येते. साखरेचा आणि रक्तदाबाचा ताजा रिपोर्ट काढून ठेव, तेही आटोक्यात हवेत. आणखी काही ‘का’ उरले असतील तर वहीत लिही. डॉक्टरांनाच विचारू.

तुझी,
धाकटी