वैशाखातला माळवा

उन्हाळ्यात शहाणी माणसे महाबळेश्वरला जातात. आम्ही दोघे माळव्यात गेलो. मी पडलो शिक्षक, मोठी सुटी मिळते ती मे महिन्यातच. शिवाय लग्नाला अठ्ठावीस वर्षे होऊन गेली, तरी आजवरच्या प्रत्येक प्रवासात तिसरे कोणीतरी होतेच. आधी आई, मग मुले, मग मुलांची आजारपणे. यंदा धाकटी नोकरीला बंगलोरला गेली आणि घरात दोघेच उरलो.

बेत अर्थातच मी आखला. पाच दिवसांत इंदूर, उज्जैन, धार, मांडवगड, महेश्वर, ओंकारेश्वर! फुलस्केप कागदावर तासातासाचे कोष्टक काढून सौ.पुढे ठेवले. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचले.

"अहो, ह्यात बसायचं कधी?"

मला वाटले, ती गाडीतल्या जागेबद्दल विचारते आहे!

मग ती म्हणाली, "आणि ह्यात रावेरखेडी कुठे आहे?"

नर्मदाकाठचे हे खेडे. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी तिथे वारले, वयाच्या चाळिशीआधीच. माझे सासरे इतिहासाचे वेडे. दर उन्हाळ्यात म्हणत, "एकदा जाऊन यायचं." ते राहूनच गेले. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण कोष्टक आखताना आठवली नव्हती, याची आजही लाज वाटते.

महाकाळाची आणि ओंकारेश्वराची क्षमा मागून दोन्ही नावे खोडली. नवा नियम एकच ठरला: सकाळी दहापर्यंत हिंडायचे, मग पाच वाजेपर्यंत सावली सोडायची नाही. मे महिन्यात जाणाऱ्याने हा नियम मोडू नये. मुक्कामही आधी मांडवगडाला करावा. गड उंचावर असल्याने तिथली रात्र सुसह्य असते. खाली निमाडात उतरले की नर्मदाकाठीसुद्धा झळा लागतात.

इंदूरहून धारमार्गे मांडवगड शंभरेक किलोमीटर. धारचा किल्ला मोटारीतूनच पाहिला. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तिथे १७७५ साली झाला. थोरल्या बाजीरावाकडे निघालेल्या माणसांनी तिथे फार रेंगाळू नये, असे आमच्या हिचे मत!

मांडवगडावर भर उन्हाळ्यात जहाजमहालाचे चित्रातले रूप शोधू नये. ते पावसाळ्यात, दोन्ही तळी भरल्यावर. पण होशंगशहाच्या संगमरवरी कबरीत सकाळी आठ वाजता जो गारवा होता, तो मी विसरणार नाही. शहाजहानचे कारागीर १६५९ साली ही इमारत पाहायला आले होते, असा लेख तिथे आहे. रस्त्याकडेला गोरखचिंचेची अवाढव्य झाडे; तिची आंबट फळे आम्ही शाळकरी पोरांसारखी चोखली. संध्याकाळी रूपमतीच्या सज्जावर गेलो. तिथून म्हणे नर्मदा दिसते. धुरकट हवेत काहीच दिसेना.

"असू द्या, आता जवळूनच बघू," ही म्हणाली.

महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा पाहिला. राजवाडा म्हणावा असे त्यात काही नाही. पुण्यातल्या जुन्या वाड्यात शिरल्यासारखे वाटले. घाटावर अंधार पडेपर्यंत बसलो. माझ्या कोष्टकात घाटाला वीस मिनिटे होती. साडीला तर वेळच नव्हता, पण मागावर विणलेली साडी पाहिल्यावर कोष्टक कोण विचारतो?

रावेरखेडीला पहाटेच निघालो. नांगरून तापत टाकलेली काळी शेते, कौलारू घरे, रस्त्यात बसलेल्या म्हशी. ड्रायव्हरने दोनदा वाट विचारली. नदीकाठी भिंतीने वेढलेले आवार आणि आत शिंद्यांनी बांधलेली ती साधी समाधी. आमच्याखेरीज तिथे कोणी नव्हते.

हिने पदराने चौथऱ्याचा कोपरा पुसला, फुले वाहिली. मग साताऱ्याला भावाला फोन लावला. "आले रे मी," एवढेच म्हणाली, आणि पुढे तिला बोलता येईना. फोन माझ्या हातात देऊन ती नदीकडे तोंड करून बसली.

दहा वाजले, अकरा वाजले. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवीत होता. मी घड्याळ खिशात टाकले आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो.