पाला गोळा करायला माणसं होती तेव्हा

भूतानच्या खेड्यात हिवाळा म्हणजे पाला गोळा करायचे दिवस. गावाच्या वरच्या अंगाला ओकचं रान असायचं आणि त्यातला कुठला तुकडा कुठल्या घराचा, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असे. त्या तुकड्याला सोकशिंग म्हणत. बायकापोरं टोपल्या घेऊन वर जायची, वाळका पाला आणायची, तो गोठ्यात गुरांखाली पसरायची. कोकणात गोठ्यात पातेरा टाकतात तसंच. शेणमुतात तुडवून निघालेलं ते खत पेरणीच्या आधी शेतात जायचं. रसायन नव्हतंच, तेव्हा ते टाळण्याचं कौतुक कोण करणार?

फुन्त्शोलिंगहून थिम्फूला पहिला मोटाररस्ता पोचला तो १९६२ साली. पुढे रासायनिक खताची पोतीही त्याच रस्त्यानं चढली. पण त्या काळाची खरी आठवण केइजी निशिओका या जपानी माणसाची. १९६४ला ते पारोत आले आणि १९९२मध्ये वारले तेही भूतानातच. नवा भाजीपाला, भाताची ओळीतली लावणी असं बरंच काही त्यांनी शिकवलं. राजानं त्यांना ‘दाशो’ हा किताब दिला. परक्या माणसाला असा मान क्वचितच मिळतो. त्यांचं शिकवलेलं रुजलं, याचं मोठं कारण मला वाटतं ते असं, की शिकायला आणि राबायला घराघरात हात होते.

आता ते हात कुठे आहेत? पूर्वेकडे त्राशीगांगच्या बाजूला कुलूप लागलेल्या घरांना ‘गुंगतोंग’ म्हणतात, आणि त्यांचा प्रश्न सरकारदरबारी चर्चेला येतो. पोरं थिम्फूला, तिथून पर्थला. सोकशिंगवरचा खासगी हक्कही २००७च्या जमीन कायद्यानं गेला. तरी पाला अजून पडतोच आहे म्हणा.

याच देशानं २०२०पर्यंत शंभर टक्के सेंद्रिय व्हायचं ठरवलं होतं. २०१२मध्ये जगभर त्याची वाहवा झाली. मुदत पुढे ढकलून २०३५ झाली, तेव्हा टाळ्या तेवढ्या वाजल्या नाहीत. अडचण युरियापेक्षा तणनाशकाची जास्त आहे. भाताच्या खाचरात शोचुम नावाचं पाणतण माजतं. त्याचं मूळ चिखलात खोल असतं, वरून उपटलं की पुन्हा फुटतं. पूर्वी घरची, शेजारची माणसं वाकून खुरपणी करायची, गाणी म्हणायची, संध्याकाळी आरा, म्हणजे घरची दारू, प्यायची. आज ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, तिथे तणनाशकाची पुडी फोडतात. त्यांना दोष देणं मला तरी जमत नाही.

रात्रीची राखण ही आणखी एक गोष्ट. निम्म्याहून बराच जास्त देश जंगलाखाली; किमान साठ टक्के वनाच्छादन राखायचं असं राज्यघटनाच सांगते. रानडुकरांना हे कळवायची गरज पडत नाही. पूर्वी शेतातल्या खोपटात आळीपाळीनं जागायचे, आरडाओरडा करायचे. आता विजेची कुंपणं आली, हे मात्र नि:संशय बरं झालं.

मिरचीचं प्रकरण मजेशीर. भूतानी माणूस मिरची भाजी म्हणून खातो. एमा दात्शी म्हणजे मिरची आणि चीज, बस्स. कीटकनाशकाचे अंश सापडले म्हणून २०१६मध्ये भारतातून येणारी हिरवी मिरची सरकारनं बंद केली. हिवाळ्यात भाव भडकले, लोक कुरकुरले. पण मग पुनाखा, वांगदीसारख्या उबदार खोऱ्यांत हंगामाआधीची मिरची घेणारे शेतकरी पुढे आले. सेंद्रियच्या घोषणेनं जे झालं नाही ते भावानं थोडंफार केलं. तांदळाचं तसं नाही झालं. खाल्ला जाणारा बहुतेक तांदूळ भारतातून येतो, तो कुठल्या रसायनावर पिकला हे ताटात विचारायचं नसतं, आणि पारोचा लाल भात मात्र पर्यटकांसाठी सुबक पिशव्यांत दिसतो.

२०३५पर्यंत निर्यातीच्या पिकांना, गवती चहाच्या तेलाला, फाफऱ्याला प्रमाणपत्रं मिळतील, यात मला शंका नाही. खाचरातलं शोचुम कोण काढणार, हे कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसेल.