चिंगीच्या पट्ट्या

आत्याची बदली झाली आणि तिची चिंगी आमच्याकडे आली. अंग हिरवंगार, चेहरा गुलाबी-केशरी, शेपटीच्या वर झगझगीत निळा पट्टा. या जातीच्या लव्हबर्डमध्ये नर-मादी दिसायला सारखेच. ती मादी आहे हे आम्हाला कळलं ते वर्तमानपत्रामुळे.

पिंजऱ्याचं दार उघडलं की ती आईच्या मांडीवरच्या पेपरवर उतरायची. कडेपासून शिवणयंत्राच्या टिपेसारखी भोकांची रांग पाडत सरळ पुढे जायची, आणि बोटभर लांबीची पट्टी सुटी व्हायची. मग मान मागे वळवून ती पट्टी त्या निळ्या पिसांत खोचायची, वरून पिसं दाबून बसवायची. चार-पाच झाल्या की उडायची. निम्म्या वाटेतच गळायच्या. पुन्हा पेपरवर हजर.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नामिबियाच्या कोरड्या मुलखात तिच्या जातीच्या माद्या सालींच्या, पानांच्या पट्ट्या अशाच खोचून कड्यांच्या कपारीत नेतात. टांझानियातली फिशर जात मात्र काड्या चोचीत धरून नेते. पक्ष्यांच्या वर्तनाचे अभ्यासक विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर केला होता. त्यांचा लेख 1962 साली आला. संकरित माद्या पट्टी धड खोचू शकत नव्हत्या. पुढे त्या चोचीतून न्यायला शिकल्या, तरी आधी मान मागे वळायचीच! चिंगीची वळलेली मान पाहिली की मला त्या बिचाऱ्या आठवायच्या.

नर नसतानाही चिंगी अंडी घालू लागली. डॉक्टरांनी समुद्रफेन वाढवायला सांगितलं, आणि बजावलं, "पाठीवरून हात फिरवू नका, फक्त डोक्यावरून. कागद तर अजिबात नको." सारखी अंडी घालून अंगातलं कॅल्शियम संपतं, अंडं अडकलं तर जीव जातो. एकट्या लव्हबर्डला माणूसच जोडीदार वाटतो. ज्याच्यापाशी त्याच्यासाठी रोजचा वेळ नाही त्यानं तो पाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

आई पेपर रात्री, पिंजरा झाकल्यावर वाचू लागली. चिंगीनं मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मोर्चा वळवला. एकादशीसकट अख्खा आठवडा पट्ट्या होऊन गेला, तेव्हा आईनं कॅलेंडर कपाटाच्या दाराला आतून लावलं. अंडी थांबली, चिंगी पुढे बरीच वर्षं जगली. तिथी बघायला आम्ही अजूनही कपाट उघडतो.