माहुलची हवा, बेस्टचं भाडं

मुंबईतलं माहुल डोक्यातून जात नाही. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडली आणि माणसं नेऊन टाकली ती तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी. खोकला, त्वचारोग, शिवाय जुनी कामं लांब पडलेली. २०१८ मध्ये तिथले रहिवासी विद्याविहारला रस्त्यावरच ठाण मांडून बसले. बायका पुढे होत्या. किती चिवटपणा लागत असेल त्याला! २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने माहुलला जायला नकार देणाऱ्यांना दरमहा १५,००० रुपये घरभाडं द्यायला सांगितलं.

लांब पडलेल्या त्या कामांना जायचा खर्चही वाढला: मे २०२५ मध्ये मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हिशेबात विषारी हवा आणि महागडी बस एकाच घरखर्चात येतात. पुनर्वसनावर बोलणाऱ्यांनो, बसभाड्यावरही बोला.