पातं बाजारचं, फळी घरची

जालना

चि. बाळास,

तयार शूटिंग बोर्ड, म्हणजे लाकडाचं टोक रंध्याने नेमक्या कोनात छिलायची फळी, घेऊ नकोस. तू पाठवलेला फोटो नीट पाहिला. वस्तू सुबक आहे, अ‍ॅल्युमिनियमची आहे, आडपट्टी हव्या त्या कोनात फिरवून घट्ट करता येते, काम चोख देईल. तरीही ते पैसे रंध्यात घाल आणि फळी स्वतः कर. हे मत तुझ्या आजोबांच्या, आण्णांच्या हाताखाली तयार झालंय. माळ्यावर टांगलेल्या ज्या काळपट फळीबद्दल तू विचारलंस, तिची हकिकत कळल्याशिवाय ते तुला पटायचं नाही.

आण्णा मुळात गावसुतार. भोकरदनकडच्या आपल्या गावात बलुत्यावर काम चालायचं. वर्षभर शेतकऱ्यांच्या तिफणी, वखरं, कोळपी दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर ज्वारी घ्यायची. त्या कामाला अशी फळी लागतच नाही. तिफण बाभळीची. सांधा ढिला झाला की पाचर ठोकायची. तिथलं कसब निराळं होतं. तिन्ही फणांतलं अंतर सारखं हवं, कारण पिकाच्या ओळी त्यावरच पडतात, आणि फणाचा कल असा हवा की बी ओलीत जाऊन पडेल. आण्णा हे सगळं जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून करायचे. टेबल नाही, शिकंजा नाही. वाकस, करवत, पटाशी, सामता आणि रंधा, बस्स.

पुढे ट्रॅक्टर आले, लोखंडी पेरणीयंत्रं आली. तिफणीचं काम सुताराकडून वेल्डिंगच्या दुकानात गेलं आणि बलुतंही आटलं. आण्णा जालन्याला आले आणि फोटोच्या चौकटी, देव्हारे करणाऱ्या एका कारागिराकडे लागले. बाभळीच्या औतावर हात बसलेला माणूस सागाच्या बोटभर पट्ट्यांवर आला. इथे पाचर चालत नाही. चौकटीला आठ काप असतात, प्रत्येक 45 अंशांचा. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने कमी पडला तर पहिले तीन कोपरे ओढूनताणून जुळतात, पण चौथ्यावर ती सगळी चूक एकत्र येते आणि चार अंशांची फट दिसते. करवत कितीही सांभाळून चालवली तरी नुसत्या करवतीने हे साधत नाही. त्या दुकानात करवतीनंतर प्रत्येक टोक फळीवर घेतलं जाई. आण्णांनी ती फळी पाहिली आणि आठवड्याच्या सुट्टीत स्वतःची केली. माळ्यावरची ती हीच.

तू जवळून पाहिलेली नाहीस म्हणून सांगतो. खाली रुंद फळी, तिच्यावर थोडी अरुंद दुसरी, म्हणजे एका कडेला पायरी होते. त्या पायरीवर रंधा आडवा, कुशीवर झोपवून चालवायचा. वरच्या फळीवर बाभळीची जाड आडपट्टी, रंध्याच्या वाटेशी बरोबर काटकोनात. लाकूड आडपट्टीला टेकवायचं, टोक केसभर पुढे काढायचं आणि रंधा ढकलायचा. लाकडाच्या टोकाला रेषा तुटलेल्या असतात. तिथे मोकळा रंधा मारला की पलीकडची कड फाटून ढलपी निघते. आडपट्टी मागून आधार देते म्हणून ती कड शाबूत राहते. जुन्या फळीच्या आडपट्टीला एका टोकाला पिवळट कागद दिसतो. तो पंचांगाच्या पानाचा तुकडा आहे, आण्णांनी सरकवलेला. पावसाळ्यात सागाची फळी जराशी वाकायची, काप गुण्यात येईना की ते पट्टीचा स्क्रू सैल करून कागद आत-बाहेर करायचे. साध्या कागदाची जाडी सुमारे 0.1 मिलिमीटर. पट्टी 30 सेंटिमीटर लांब असेल तर एका टोकाला घातलेल्या त्या कागदाने 9 सेंटिमीटर रुंद लाकडाच्या कापात 0.03 मिलिमीटरचा फरक पडतो. इतकी बारीक दुरुस्ती पंचांगाचं पान करत होतं!

म्हणून म्हणतो, या वस्तूचा खरेपणा कारखान्यात ठरत नाही, तो तुझ्या टेबलावर ठरतो. तयार बोर्ड आणलास तरी तपासून, जुळवून घ्यावाच लागेल. आणि ते एकदा हाताला आलं की बोर्ड करायला राहतंच काय?

दुसरं कारण रंध्याच्या घडणीत आहे. पातं रंध्याच्या तळाच्या थेट कडेपर्यंत नसतं, कडेला काही मिलिमीटर पट्टा कोरा सुटतो. त्यामुळे नव्या फळीवर पहिल्यांदा रंधा फिरवलास की तो वरच्या फळीची कड थोडी छिलतो आणि कोऱ्या पट्ट्यासमोर एक बारीक ओठ शिल्लक ठेवतो. मग रंधा त्या ओठाला टेकून चालतो, फळी आणखी कापली जात नाही. म्हणजे शेवटचा हात तुझाच रंधा फिरवतो आणि फळी त्याच्या मापाची होते. आडपट्टीचं पुढचं टोकही झिजतं. घरच्या फळीला पट्टी जरा पुढे सरकवायची, पुन्हा छिलायची, मामला संपला.

पण पातं करायला जाऊ नकोस. आपलं जालना सळयांचं गाव, भट्ट्या रात्रंदिवस चालतात, तरी त्या पोलादाला धार टिकत नाही. बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, रंध्याच्या चांगल्या पात्यात एक टक्क्याच्या आसपास. गावचा लोहार वाकस-पटाशीसाठी ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घ्यायचा, कारण त्यात कार्बन सळईपेक्षा बराच जास्त असतो. रंध्याचं पातं मात्र आण्णांनी नेहमी बाजारातून आणलं आणि त्याचा लाकडी ठोकळा घरी घडवला. जुन्या सुतारांची वाटणी हीच होती: ज्याला भट्टी आणि पाणी देण्याची विद्या लागते ते विकत, लाकडाचं घरचं. मला ही वाटणी आजही बरोबर वाटते.

कंपन्यांनी या फळीचंही यंत्र केलं होतंच. अमेरिकेतल्या स्टॅन्लेने 1909 पासून 1943 पर्यंत 52 नंबरची ओतीव लोखंडाची फळी विकली, 51 नंबरच्या तिरप्या पात्याच्या रंध्यासकट. आता ती संग्राहकांची चीज झाली आहे. तशा घडणीचे रंधे आजही निघतात. तिरपं पातं टोकाचे तंतू सरकत कापतं, धक्का कमी बसतो, यात खोटं नाही. रोज चौकटी करणार असशील तर पुढे घे. तू करतोयस त्या देव्हाऱ्याच्या एका खणासाठी तुझ्याकडचा जॅक रंधा पुरे, फक्त त्याची कूस तळाशी काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघ.

आता कृती. साग घेऊ नकोस. तुमच्या टोरांटोत हिवाळ्यात हीटरने घर सुकतं, उन्हाळ्यात हवा दमट, अखंड लाकूड हलत राहील. खाली 18 मिलिमीटरचा प्लाय, वर 12 चा. विकत घेताना डोळ्याशी धरून सरळ आहे का बघ. आडपट्टीला बाभूळ तिकडे कुठली, पण मेपल चांगला कठीण असतो. पट्टीला एकाच टोकाला घट्ट स्क्रू, दुसऱ्या टोकाचं भोक जरा मोठं, म्हणजे तिथून जुळवता येईल. सरस लावू नकोस, कायमचा अडकशील. खालच्या फळीच्या पोटाला टेबलाच्या कडेला अडकणारी पट्टी ठोक. पायरीवर मेणबत्ती घास.

गुण्यावर आंधळा विश्वास ठेवू नकोस. सरळ कडेला टेकवून रेघ मार, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मार. दोन्ही एक झाल्या तर गुण्या खरा. फळीची परीक्षाही तशीच. एक पट्टी मधोमध काप, दोन्ही नवी टोकं फळीवर घे. मग एक तुकडा पालथा करून दोघांच्या एकाच बाजूच्या कडा सरळ पट्टीला टेकव आणि टोकं भिडवून उजेडाकडे धर. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून ही परीक्षा लबाडी करू देत नाही. कागद घाल, पुन्हा घे. घाई केलीस तर सगळा देव्हारा तिरका होईल.

पात्याला धार अशी हवी की टोकावरूनही सालपट निघालं पाहिजे. नुसती भुकटी पडत असेल तर फळीला दोष देऊ नकोस, पातं दगडावर घे. टोक फार कोरडं वाटलं तर ओला बोळा फिरव.

आधी खणाच्या बाजू घे, त्या काटकोनात आहेत, सोप्या जातील. 45 ची चौकट नंतर. तिच्यासाठी वेगळी तिकोनी पट्टी करून याच फळीवर बसवता येईल, तिचं माप मी पुढच्या पत्रात देतो. परीक्षेच्या दोन तुकड्यांचा फोटो मात्र आधी पाठव, उजेडासमोर धरलेला.

तुझा मामा